कर्लिंग बघायला सुरुवात करताय? महिलांची स्पर्धा आधी की पुरुषांची?

हिवाळी ऑलिंपिक संपलं की आमच्या लोकमान्य नगरात विचारणा सुरू होते. बर्फावर दगड सरकवायचा आणि त्याच्यापुढे ब्रश घासत धावायचं, हा खेळ आता चार वर्षांनीच दिसणार का? तसं मुळीच नाही. महिलांची जागतिक स्पर्धा दरवर्षी मार्चमध्ये असते, पुरुषांची मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला, आणि त्याशिवाय हिवाळाभर ग्रँड स्लॅमच्या स्पर्धा चालू असतात. नोकरी, घर, मुलांच्या परीक्षा सांभाळून हे सगळं बघणं कुणालाच जमणार नाही, तेव्हा निवड करावी लागते. इंदुरात हा खेळ हातात दगड घेऊन शिकायची सोय नाही. जे कळेल ते बघूनच कळणार, म्हणून सुरुवात कुठून करायची याला महत्त्व आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. नव्या माणसानं महिलांच्या जागतिक स्पर्धेपासून सुरुवात करावी आणि आठवडाभर एकाच संघाचा पाठपुरावा करावा. पुरुषांची स्पर्धा त्यानंतर बघितली तर दुप्पट कळते.

निवडीपुरते नियम एवढेच. संघात चार जण, प्रत्येकाचे दोन दगड. दोन्ही संघांचे मिळून सोळा दगड टाकून झाले की एक एंड पूर्ण होतो. समोरच्या वर्तुळाला हाऊस म्हणतात, त्याचा व्यास ३.६६ मीटर. हाऊसच्या मध्याला ज्याचा दगड सर्वांत जवळ, गुण फक्त त्याच संघाला. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा आत जितके दगड, तितके गुण. एंडमधला शेवटचा दगड ज्याच्याकडे, त्याच्याकडे 'हॅमर'. गुण घेतला की पुढच्या एंडचा हॅमर समोरच्याला जातो. कुणालाच गुण मिळाला नाही तर तो आहे तिथेच राहतो. म्हणून हॅमर असताना एकच गुण घेणं हा घाट्याचा सौदा मानतात. दोन मिळत नसतील तर मुद्दाम हाऊस रिकामं करून एंड कोरा सोडतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही चुकलेली खेळी वाटते, पण ती पूर्ण विचार करून केलेली असते.

दगड तेच, बर्फ तोच

ही तुलना करता येते, कारण दोन्हीकडे साहित्य आणि नियम एकच आहेत. ग्रॅनाइटचा दगड दोन्हीकडे सारखाच, जास्तीत जास्त १९.९६ किलोचा. बर्फाच्या पट्टीची लांबी सुमारे ४५ मीटर. जागतिक स्पर्धेत दहा एंड, आणि विचार करायला प्रत्येक संघाला एकूण ३८ मिनिटं. महिलांसाठी हलका दगड किंवा आखूड पट्टी असा प्रकार या खेळात नाही. तरीही दोन्ही सामने वेगळे दिसतात, आणि फरक पडतो तो दोन गोष्टींमुळे: दगड किती जोरात मारता येतो आणि ब्रशवर किती भार टाकता येतो.

पुरुषांचा फटका जोरदार असतो. हाऊसपुढे आडोशाला उभा केलेला दगड, म्हणजे गार्ड, तोच मागच्या दगडावर आदळवून दोन्ही उडवायचे, याला रनबॅक म्हणतात, आणि वरच्या दर्जाचे पुरुष खेळाडू तो सहज खेळतात. त्यामुळे गार्डमागे दगड लपवला तरी तो सुरक्षित नाही. पहिले पाच दगड पडेपर्यंत समोरच्याचा गार्ड उडवता येत नाही, हा २०१८-१९ च्या मोसमापासूनचा नियम. पण पाच पडले की साफसफाई सुरू होते. एंड कोरे जातात, आघाडी एक-दोन गुणांची राहते, आणि ज्याच्याकडे दोन गुणांची आघाडी आहे तो दार लावून घेतो. शिवाय ब्रश चालवणारे दोघे दगडाला काही मीटर पुढे नेऊ शकतात, त्याची वाट सरळ ठेवू शकतात, त्यामुळे हातून थोडं चुकलं तरी वाटेत सावरून घेता येतं.

महिलांच्या सामन्यात दगड जास्त वेळ जागेवर टिकतात. सहा-सात दगड हाऊसमध्ये आणि त्याच्या तोंडाशी दाटलेले, दोन्ही रंग एकमेकांत अडकलेले, असा एंड इथे जास्त वेळा दिसतो. अशा गर्दीत नुसता जोर कामाचा नाही. समोरच्याच्या दगडाला हलकेच जाऊन चिकटायचं किंवा गार्डला वळसा घालून मागे थांबायचं, त्यासाठी हात तोलून सोडावा लागतो. आपण कॅरम खेळणारी माणसं, आपल्याला हे पटकन कळतं. ताकदीचा खेळाडू पहिल्या फटक्यात पट मोकळा करतो ते बघायला छान वाटतंच, पण सोंगट्या एका कोपऱ्यात दाटल्यावर डोकं कुणाचं चालतं ते खरं दिसतं. हॅमर नसताना गुण पळवणं, म्हणजे स्टील, हेही महिलांच्या खेळात अधिक घडतं. आघाडी हातात आहे म्हणून इथे निर्धास्त बसता येत नाही.

२०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमधले दोन सामने शेजारी ठेवा. महिलांच्या उपांत्य सामन्यात स्वीडनच्या आना हॅसलबोर्गच्या संघानं पहिल्याच एंडमध्ये चार गुण घेतले. ईव्ह म्यूरहेडच्या ब्रिटननं तिथून सामना खेचत नेला आणि जादा एंडमध्ये १२-११ असा जिंकला. पुढे सुवर्णही त्यांनीच घेतलं. पुरुषांचा अंतिम सामनाही जादा एंडपर्यंतच गेला, तिथे निक्लास एडिनच्या स्वीडननं ब्रूस मोआटच्या ब्रिटनला हरवलं, पण गुण होते ५-४. ताण दोन्हीकडे सारखाच. पहिला सामना वाट्टेल तिकडे वळत होता, दुसऱ्यात एका इंचासाठी तासभर झगडा होता. नव्या प्रेक्षकाला पहिला सामना लगेच धरून ठेवतो. दुसऱ्याची गोडी कळायला थोडं बघितलेलं असावं लागतं.

अर्थात हा काही अटळ नियम नव्हे. २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या अंतिम सामन्यात ५-५ अशी बरोबरी असताना अमेरिकेच्या जॉन शूस्टरनं आठव्या एंडच्या शेवटच्या दगडावर स्वीडनचे दोन दगड एकदम उडवले आणि एका झटक्यात पाच गुण घेतले. सामना १०-७ असा संपला. आणि उलट बाजूला, कॅनडाच्या रेचल होमनचा संघ फटक्यांच्या जोरावरच २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन जागतिक विजेतेपदं घेऊन गेला. वरच्या पाच-सहा महिला संघांचा खेळ आता पुरुषांच्या खेळाकडे सरकतो आहे. म्हणून साखळीत अव्वल संघांपेक्षा मधल्या क्रमांकाच्या संघांचे सामने मला जास्त शिकवून जातात.

पुरुषांची स्पर्धा आधी कुणी बघावी? ज्याला अचूक फटक्याचं वेड आहे त्यानं. आमच्याकडची आठ-दहा वर्षांची पोरं दगडावर दगड आदळला की टाळ्या पिटतात, त्यांना पुरुषांचा सामनाच लावून द्यावा. एडिननं २०१३ ते २०२४ या काळात सात वेळा जागतिक विजेतेपद मिळवलं. त्याचा संघ चुकीची वाट बघत बसतो आणि समोरच्यानं अर्धा फूट चूक केली की तिथेच सामना काढून घेतो. हा धीर बघण्यासारखा आहे, पण आधी हॅमरचा हिशेब अंगवळणी पडलेला हवा, नाहीतर सलग तीन कोरे एंड बघून माणूस उठून जातो. मोआटचा संघ मात्र त्या मानानं आक्रमक, २०२३ आणि २०२५ चा जागतिक विजेता. ऑलिंपिकमध्ये ब्रिटन म्हणून खेळणारे हेच खेळाडू जागतिक स्पर्धेत स्कॉटलंडच्या नावानं उतरतात, हे लक्षात ठेवा, नाहीतर गुणतक्त्यात ब्रिटन शोधत बसाल.

आपला संघ कुठला?

जागतिक स्पर्धेच्या मुख्य फेरीत भारत अजून उतरलेला नाही. पण कुणाच्या तरी बाजूनं बसल्याशिवाय सामना रंगत नाही, हे क्रिकेटवर वाढलेल्या इंदूरकरांना सांगायला नको. इथेही महिलांची बाजू आपल्याला जवळची आहे, कारण आशियाई संघ तिथे खरंच जिंकतात. वांग बिंगयूच्या चीननं २००९ मध्ये जागतिक विजेतेपद घेतलं. २०१८ मध्ये कोरियाच्या किम उन-जंगच्या संघानं ऑलिंपिकचं रौप्य मिळवलं. लसणासाठी प्रसिद्ध असलेल्या उईसाँग या लहानशा गावातल्या त्या मुली. त्याच वर्षी सात्सुकी फुजिसावाच्या जपाननं कांस्य आणि २०२२ मध्ये रौप्य घेतलं. हा संघ होक्काइदोमधल्या तोकोरो भागातला. पुरुषांमध्ये १९५९ पासून २०२५ पर्यंत एकाही आशियाई संघाला जागतिक विजेतेपद मिळालं नाही. कॅनडा, स्कॉटलंड, स्वीडन, स्वित्झर्लंड हीच नावं फिरून फिरून येतात. तिकडे तुम्हाला बाजू निवडायची ती खेळाची शैली बघून.

सिल्वाना तिरिन्झोनीच्या स्वित्झर्लंडचाही विचार करा. २०१९, २०२१, २०२२, २०२३ असे सलग चार जागतिक विजय (२०२० ची स्पर्धा रद्द झाली होती). आणि संघाची रचना शिकण्यासारखी: स्किप, म्हणजे कर्णधार, तिरिन्झोनी आपले दगड तिसऱ्या क्रमांकावर टाकायची, शेवटचे दोन आलिना पेट्झ टाकायची. डावपेच एकीचे, निर्णायक दगड दुसरीचा. बहुतेक संघांत ही दोन्ही कामं एकाच व्यक्तीकडे असतात.

जागतिक स्पर्धा, ग्रँड स्लॅम, ऑलिंपिक

वेळ कमी असेल तर ग्रँड स्लॅम सोयीची. एकाच गावात, एकाच आठवड्यात पुरुष आणि महिला दोन्ही स्पर्धा होतात, सामने आठ एंडचे, साधारण दोन तासांत आटोपतात. प्रवेश देशाला नसून क्रमवारीतल्या संघाला असतो, त्यामुळे कॅनडाचे चार-पाच संघ एकदम दिसतात आणि दुबळा सामना सहसा मिळत नाही. दोन्ही प्रकार लागोपाठ बघून स्वतःच तुलना करायची असेल तर याहून चांगली जागा नाही. मला कमी वाटते ती देशाची ओढ; एका शनिवारी हरलेला संघ पंधरा दिवसांनी दुसऱ्या गावात पुन्हा खेळायला उभा असतो.

२०२५ च्या दोन्ही जागतिक स्पर्धांत तेरा-तेरा संघ होते. प्रत्येकाचे बारा साखळी सामने, मग वरचे सहा बाद फेरीत, त्यातले पहिले दोन थेट उपांत्य सामन्याला. दहा एंडचा सामना अडीच-तीन तास चालतो. वेळ मोठा आहे, मान्य, पण संघ बर्फ कसा वाचतो, चौथ्या एंडला फसलेली खेळी आठव्या एंडला कशी बदलतो, हे दहा एंडांतच दिसतं. ऑलिंपिकमध्ये दहा संघ, नऊ साखळी सामने आणि थेट उपांत्य फेरी; तिथे कल्पनेपलीकडचं दडपण असतं, पण त्यासाठी चार वर्षं थांबावं लागतं.

घड्याळाचाही विचार हवा. स्पर्धा महिलांची की पुरुषांची यापेक्षा ती कुठल्या गावात आहे यावर आपलं बघणं ठरतं. दिवसाला साधारण तीन फेऱ्या असतात, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. २०२५ मध्ये महिलांची स्पर्धा कोरियातल्या उईजोंगबूला होती. तिथले संध्याकाळचे ७ म्हणजे आपले दुपारचे साडेतीन, ऑफिसमध्ये असण्याची वेळ. पुरुषांची कॅनडातल्या मूस जॉ इथे. तिथले संध्याकाळचे ७ म्हणजे आपले दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा, पोहे-जिलबी समोर घेऊन आरामात बघता येईल असे. एप्रिलमध्ये मध्य युरोपात संध्याकाळी ७ चा सामना असेल तर तो आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतो. सराफ्याच्या खाऊगल्लीत ऐन गर्दीची ती वेळ, इंदूरकर तसाही जागाच असतो. प्रक्षेपण कुठे आहे ते दरवर्षी नव्यानं तपासा, कारण हक्क बदलत राहतात. सानंद संस्थेच्या नाटकाची तारीख त्याच रविवारी नाही ना, तेही बघून घ्या. अंतिम सामने रविवारी येतात.

महिलांची स्पर्धा निवडलीत तर सुरुवातीला कोरिया, जपान किंवा स्वित्झर्लंड यांपैकी एक संघ धरा आणि त्याचे चार-पाच साखळी सामने बघा. सामन्याआधीची पाच मिनिटं चुकवू नका. दोन्ही संघ मध्यावर दोन-दोन दगड टाकतात, आणि ज्यांच्या अंतरांची बेरीज कमी त्यांना पहिल्या एंडचा हॅमर मिळतो. साखळीअखेर विजय सारखे झाले आणि आपसातल्या निकालानंही तिढा सुटला नाही, तर ही आठवडाभराची अंतरंच क्रम ठरवतात. साखळीच्या शेवटच्या दोन दिवसांत पाचव्या ते आठव्या क्रमांकाच्या संघांमधला सामना निवडा. पहिला विरुद्ध तेरावा हा सामना टाळलेला बरा. सहा एंड झाले की हरणारा संघ हात मिळवून सामना सोडू शकतो, आणि तुमची सकाळ राखून ठेवलेली वाया जाते.