48 मेगापिक्सलचा डबा

लेकीला वाढदिवसाला डिजिकॅम हवा होता. मोबाइलला कॅमेरा असताना वेगळा कशाला, हा माझा प्रश्न तिने एका वाक्यात निकालात काढला: "आई, मोबाइलचे फोटो फार गुळगुळीत येतात गं." तिच्या कॉलेजात म्हणे आता मावशी-काकांच्या कपाटातले जुने कॅमेरे मिरवतात. मॉडेलही तिने शोधून ठेवलं होतं, कॅननचा इक्सस 185. 20 मेगापिक्सल, 8 पट झूम, पर्सच्या पुढच्या कप्प्यात मावेल एवढा. माझी तयारी आठ हजारांपर्यंत. शनिवारी दुपारी दोघी सीएसएमटीला उतरलो आणि फोर्टातल्या एका गल्लीत, काचेत कॅमेरे मांडलेल्या दुकानात शिरलो.

"वो मॉडल तो कब का बंद हो गया, मॅडम," हे दुकानदाराचं पहिलं वाक्य. ते खरंच होतं, म्हणून पुढचंही खरं वाटलं. त्याने एक चकचकीत डबा काउंटरवर ठेवला. 48 मेगापिक्सल, 16 एक्स झूम, 64 जीबीचं कार्ड फुकट, 7,200 रुपये. मी मनात हिशेब केला: 20 ऐवजी 48, 8 ऐवजी 16, वर आठशे वाचले. भाजीवालीकडे दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी मी इथे अर्ध्या मिनिटात हो म्हणाले. त्याने दुकानातच फोटो काढून मागच्या स्क्रीनवर दाखवला. एवढ्याशा स्क्रीनवर कुठलाही फोटो चांगलाच दिसतो, हे तेव्हा सुचायला हवं होतं.

बिल मागितलं तर म्हणाला, "पक्का बिल लोगे तो जीएसटी अलग से लगेगा." मग 'कॅमेरा 1 नग' असं लिहिलेली चिठ्ठी मिळाली. पैसे यूपीआयने दिले, तर स्क्रीनवर दुकानाचं नाव न येता कुणा माणसाचं नाव आलं. तेही मी पाहिलं आणि सोडून दिलं.

महापालिकेच्या इमारतीसमोर उभं राहून लेकीने सीएसएमटीच्या मधल्या घुमटावरचा पुतळा जवळ घ्यायचा प्रयत्न केला. झूमचं बटण दाबलं, स्क्रीनवरचा पुतळा मोठा मोठा होत गेला, पण भिंग जागचं हललं नाही. नळी बाहेर येणं नाही, बारीकशी घरघर नाही. फोटोत पुतळ्याचा नुसता शेणाचा गोळा. "आई, हे डिजिटल झूम आहे," ती म्हणाली. म्हणजे आहे तोच फोटो कापून ताणलेला. डबा उलटा केला. तळाला मुंगीच्या अक्षरात 'डिजिटल' लिहिलेलं होतं. दुकानदार नुसतं झूम म्हणाला होता, 'ऑप्टिकल' (म्हणजे भिंग सरकून होणारं खरं झूम) हा शब्द मी माझ्या मनाने जोडला होता.

घरी येऊन बाकीचं उलगडलं. तिने एकच वर्तमानपत्राचं पान 8 मेगापिक्सलवर आणि 48 वर टिपून लॅपटॉपवर शेजारी शेजारी ठेवलं. दुसरी फाइल कितीतरी जड, पण एक अक्षर जास्त वाचता येईना. आतला सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, कमी ठिपक्यांचीच, उरलेले ठिपके सॉफ्टवेअरने मधे मधे भरलेले. फ्लॅशच्या जागी टॉर्चसारखा एलईडी. बॅटरी जुन्या बटणाच्या मोबाइलमध्ये असायची तसली चपटी. फुकटच्या कार्डाने तर कमालच केली. अलिबागला गेलो तेव्हा सकाळचे फोटो नीट आले, दुपारनंतरच्या फोटोंवर करडे पट्टे किंवा फाइलच उघडेना. एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या मोफत प्रोग्रामने तपासलं तेव्हा 64 पैकी जेमतेम 8 जीबी खरं निघालं. असल्या कार्डातली चिप खोटी क्षमता सांगते, कॅमेरा बिचारा लिहीत राहतो.

अलिबागच्या आधीच, सोमवारी मी एकटी दुकानात गेले होते. "चालू है ना? फिर क्या प्रॉब्लेम?" एवढंच उत्तर मिळालं. मागे 'बिका हुआ माल वापस नहीं होगा' अशी पाटी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं आणि सदोष माल परत न घेणं, दोन्ही अनुचित व्यापारी प्रथा आहेत. बिलावर मुदत लिहिली नसेल तर माल परत घ्यायला 30 दिवस धरतात. हे मला घरी आल्यावर कळलं, काउंटरवर उभी असताना माहीत असतं तर आवाज वेगळा लागला असता. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी पहिल्यांदा मागितलं ते बिल. माझ्याकडे चिठ्ठी, तिच्यावर ना जीएसटी नंबर ना दुकानाचा पत्ता. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, पण त्या चिठ्ठीवर तिथे काय सिद्ध करणार? ते पैसे मी सोडले.

मग दादरला एका काकांकडून जुना इक्ससच घेतला, त्यांच्या घरी बसून. या वेळी लेकीने आधी भिंगाभोवतीच्या कड्यावरचे आकडे वाचले: 5.0–40.0 मिमी, म्हणजे भिंगाची कमीत कमी आणि जास्तीत जास्त फोकल लेंथ. 40 भागिले 5 म्हणजे 8, हे खरं झूम. आमच्या डब्याच्या भिंगावर एकच आकडा होता, आणि एकच आकडा असला की भिंगाला झूम नाही. हे तपासायला दहा सेकंद लागतात. मग कॅमेरा दहा वेळा चालू-बंद केला, नळी अडकत नाही ना ते पाहिलं, आमचं कार्ड घालून फोटो काढले आणि लॅपटॉपवर मोठे करून बघितले. काकांनी तेवढ्यात चहा टाकला. कार्ड मात्र अधिकृत दुकानातून, पक्क्या बिलावर.

परवा ऑफिसच्या कामाने फोर्टात गेले होते. दुकान चालू आहे. काचेत तोच डबा आहे, फक्त स्टिकर बदललाय. आता 64 मेगापिक्सल.