डायल गेजने मागचा ॲक्सल तपासला: हंगाम आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

जुन्या ट्रकच्या मागून आवाज आला की पहिला सल्ला मिळतो, "गुल्ला उतरवा," म्हणजे मागच्या ॲक्सलमधला डिफरन्शियलचा गिअरसंच खाली काढा. आमच्या सहाचाकी गाडीला दोन दुखणी एकदम लागली होती. मागचा भाग डोलायचा आणि डिफरन्शियल घुमायचं. मॅग्नेट स्टँडसकट साधा डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर मोजणारं घड्याळ, घेतला तो त्यासाठीच. चिऱ्यांच्या खेपा, आंब्याचा हंगाम आणि पुढचा पावसाळा काढल्यावर हे लिहितोय. डोलणं आणि घुमणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, हे या गेजने मोजून दाखवलं. नाहीतर क्राऊन-पिनियनचा, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मोठ्या आणि छोट्या गिअरचा, सेट बदलला असता आणि गाडी तशीच डोलत राहिली असती.

आमच्या क्राऊनला 41 दाते आणि पिनियनला 6. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात पिनियन 6.83 वेळा फिरतो. टायरचा घेर साधारण 3 मीटर धरला तर ताशी 40 ला चाक सेकंदाला तीन-चार फेरे मारतं आणि पिनियन पंचविसाच्या आसपास. सीटवर बसून मोजता येईल असा हेलकावा पिनियनचा असूच शकत नाही, तो चाकाकडचा. पिनियनचं दुखणं कानाला कळतं, कंबरेला नाही. आमचे मेस्त्रीकाका हेच एका वाक्यात सांगतात, "आधी चाक बघ, मगे गुल्ल्याक हात लाव."

मागचा ॲक्सल जॅकवर उचलला, खाली घोड्या (टेकू) लावल्या, पुढच्या चाकांना ओट (अडसर) लावली. गेजचं टोक बाहेरच्या रिमच्या कडेवर टेकवून चाक हाताने सावकाश फिरवलं. काटा जवळपास 4 मिलिमीटर आउट, म्हणजे रिमचं आत-बाहेर डोलणं, दाखवत होता. मग त्या बाजूची आतली-बाहेरची दोन्ही चाकं काढून, ती जिथे बसतात त्या हबच्या तोंडावर लावला, तिथे 0.1 च्याही आत. चाक वर-खाली हलवून हबच्या बेअरिंगचा प्लेही (ढिलेपणा) बघून घेतला, तो हद्दीत होता. मोठ्या ट्रकचा ॲक्सल बहुधा फुल फ्लोटिंग असतो. वजन हौसिंगवरच्या दोन टेपर बेअरिंगवर असतं आणि शाफ्ट फक्त चाक फिरवतो. म्हणून चाक डोललं की लगेच "शाफ्ट वाकला" म्हणण्यात अर्थ नाही.

दोष सापडला तो आतल्या आणि बाहेरच्या रिमच्या मधे. मासळीच्या गाडीतून गळणारं बर्फाचं खारं पाणी, खारी हवा आणि वर मारलेला रंग. तिथे गंजाचे पापुद्रे चढले होते आणि रिम बसताना तिरकी बसत होती. वायर ब्रशने दोन्ही तोंडं पत्रा दिसेपर्यंत घासली, नट समोरासमोरचे धरून टप्प्याटप्प्याने आवळले. आउट 1 मिलिमीटरवर आलं. थोडी धावल्यावर नट पुन्हा आवळायला विसरू नका. डोलणं तिथेच संपलं.

घुमणं मात्र तसंच. आवाज ऐकायचा तर रस्ता निवडून ऐकावा. मुंबई-गोवा हायवेच्या काँक्रीटवर टायरच इतके घुमतात की काही समजत नाही. मी नांदगाव तिठ्यावरून फोंड्याकडे डांबरावर जायचो. फोंडा घाट चढताना दात्यांच्या एका बाजूवर जोर येतो, उतरताना गिअरमधे गाडी सोडली की दुसऱ्या बाजूवर. आमचा आवाज चढताना कमी आणि उतरताना जास्त होता. वळणावर तो बदलत नव्हता, म्हणून हबचं बेअरिंग आणि वळणावर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे आतले स्टार गिअर यांच्यावरचा संशय कमी झाला.

प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट सोडवून, तो जिथे जोडतो त्या पिनियनच्या फ्लँजवर गेज लावला आणि टॉमीने (लोखंडी दांड्याने) फ्लँज उचलून पाहिला. काटा स्पष्ट हलला. पिनियनची बेअरिंगं मुळात दाब देऊन बसवलेली असतात, तिथे हाताला किंवा काट्याला लागेल असा प्ले नसावा. ऑइल काढलं तर ते दुधट. ब्रीदर, म्हणजे हौसिंगमधली हवा आत-बाहेर जाण्याचं भोक, चिखलाने बंद होता. गरम हौसिंग कॉजवेच्या पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि मिळेल त्या वाटेने पाणी आत ओढते, सीलच्या ओठातूनसुद्धा. पाण्याने बेअरिंगच्या रोलरवर खड्डे पाडले होते.

क्राऊन-पिनियनचे दाते चांगले होते. ही जोडी एकत्र घासून तयार केलेली असते, बदलायची तर दोन्ही एकदम. आम्ही फक्त बेअरिंगं आणि सील घातली, शिम (जाडी जुळवायच्या पातळ चकत्या) जुळवले, बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) क्राऊनच्या चार जागी गेजने मोजून पुस्तकातल्या हद्दीत आणला आणि दात्यांना रंग लावून ठसा पाहिला. नवा ब्रीदर नळी लावून चेसिसइतका वर नेला. कोकणात फिरणाऱ्या प्रत्येक गाडीने हे करावं असं माझं ठाम मत आहे. पावसाळ्यानंतर ऑइल काढलं तेव्हा ते स्वच्छ होतं, मॅग्नेट प्लगवर बारीक काळी चिकटी तेवढी, कण नाहीत.

आता गेजविषयी. 0.01 मिलिमीटरची मोजणी या कामाला भरपूर झाली. गंज किंवा रंगावर मॅग्नेट धड धरत नाही, म्हणून जागा घासून घ्यावी लागते. सापासारखा वळणारा दांडा घेऊ नका. तो लवतो आणि आकडा खोटा येतो. सरळ दांडे आणि घट्ट क्लॅम्पचा स्टँड हवा. टोक तिरकं टेकवलं तरीही आकडा फसवतो. पावसाळ्यात माझ्या गेजचा टोकाकडचा सरकणारा दट्ट्या जड झाला होता. त्यात तेल सोडू नका, धूळ चिकटून तो आणखी अडकतो. कोरड्या फडक्याने पुसून सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवला की चालतो. एकच गाडी असेल तर दोघा-तिघांत मिळून घेतला तरी चालेल, रोज लागणारी वस्तू नाही. गॅरेजवाल्याने मात्र स्वतःचा ठेवावाच, आणि गुल्ला उतरवायला सांगण्याआधी गिऱ्हाइकाला काटा दाखवावा.