पेलेट स्मोकर, आठ महिने, नऊ ब्रिस्केट: हॉपरच्या झाकणाचं दुखणं

गेल्या महिन्यात एका शनिवारी रात्री पावणेतीनला उशाशी ठेवलेलं वायरलेस थर्मामीटर ओरडू लागलं. मागच्या अंगणात धावलो. स्मोकर, म्हणजे पेलेट नावाच्या लाकडी गोळ्या जाळून धुरावर मांस शिजवणारं यंत्र, विझलेला, आत रात्री आठपासून धुरावर असलेली १३ पाउंडांची ब्रिस्केट (बीफचा छातीकडचा तुकडा), आणि हॉपर, म्हणजे पेलेटची टाकी, निम्मा भरलेला. पेलेट संपले नव्हते, ते आगीपर्यंत ढकलणारा मळसूत्री दांडा, म्हणजे ऑगर, अडकला होता.

आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीत राहतो. वसईत वाढलेल्या माणसाला इथली दमट हवा नवी नाही, पण पेलेटना ती सोसत नाही. शेवटी तो दाबून घट्ट केलेला लाकडाचा भुसाच. ओल धरली की फुगतो, त्याचा चुरा होतो आणि ऑगरच्या नळीत दगडासारखा बसतो. तरी हॉपरच्या झाकणाला साधी रबरी पट्टी नाही! झाकण बंद केल्यावरही करंगळी जाईल एवढी फट राहते. कंट्रोलर आहे, वायफाय आहे, ॲप आहे. आणि आग विझल्याचं त्या ॲपने कळवलंसुद्धा नाही. मला उठवलं ते वेगळ्या विकत घेतलेल्या थर्मामीटरने. सातशे डॉलर मोजलेल्या यंत्रात चार डॉलरची पट्टी नसावी, हे मला अजूनही पटत नाही.

कंपनीच्या ग्राहकसेवेशी तीन आठवडे ईमेल चालले. आधी फोटो मागवले, मग ऑगरची मोटर पाठवली, जी मुळात ठणठणीत होती. शेवटी उत्तर आलं की ओलाव्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही. मग मीच पिन काढली, मोटर बाजूला केली, पकडीने ऑगर उलटा फिरवत बाहेर ओढला आणि नळी व्हॅक्यूमने साफ केली. दुपार गेली, पण पैसा लागला नाही.

त्या रात्री मात्र आधी मांस वाचवायचं होतं. आतलं तापमान १६१ फॅरनहाइट, म्हणजे ऐन स्टॉलमध्ये, तापमान अडून बसतं त्या टप्प्यात. मांसातलं पाणी पृष्ठभागावर येऊन उडत राहतं आणि घाम आल्यावर आपलं अंग गार होतं तसं मांस स्वतःला गार ठेवतं. काटा तासन् तास हलत नाही. मी ब्रिस्केट बुचर पेपरमध्ये, म्हणजे मांस गुंडाळायच्या जाड कागदात, गुंडाळली आणि स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये २५० वर ढकलली. सकाळी नऊच्या सुमारास २०३ झालं, फ्लॅटमध्येही, म्हणजे ब्रिस्केटच्या कमी चरबीच्या चपट्या भागातही, सळई लोण्यात जावी तशी गेली. टॉवेलमध्ये गुंडाळून ऊब धरून ठेवणाऱ्या कूलरच्या पेटीत ठेवली, मिस्सेला जाऊन आलो आणि दुपारी कापली. काप बोटावर आडवा टाकला तर वाकला, तुटला नाही. हलकंसं ओढलं तेव्हा सुटला. आधीच्या सहांपेक्षा तसूभरही कमी नाही.

ओव्हन वापरणं म्हणजे लबाडी, असं मी तोवर मानत होतो. ते मत आता बदललं आहे. धूर बसतो तो सुरुवातीच्या तासांत, मांस उघडं आणि ओलसर असताना. एकदा कागदात गेलं की त्याला फक्त उष्णता हवी. ती पेलेटची की ओव्हनची, मांसाला फरक पडत नाही. आता मी दर वेळी गुंडाळल्यावर मांस ओव्हनमध्येच नेतो, आणि निम्म्याच्या आसपास पेलेट वाचतात.

धुराबद्दलही पहिले तीन महिने माझी तक्रार होती. टेक्सासमधल्याच लॉकहार्ट गावी क्रॉइट्झ मार्केट या बार्बेक्यूच्या दुकानात खाऊन आल्यावर घरचं मांस फिकं लागायचं. ते दुकान १९०० सालचं, तिथे पोस्ट ओक या झाडाचे अख्खे ओंडके जळतात. पेलेटची आग फार स्वच्छ जळते, म्हणून धूर कमी. उपाय सापडला: मांस थेट फ्रिजमधून काढून ठेवायचं आणि पहिले चार तास स्मोकर २०० वरच राखायचा, मग २२५. लॉकहार्टची चव येत नाही, पण मुलं आता न सांगता दुसऱ्यांदा वाढून घेतात.

मसाल्याचं एक सांगतो. आईने पाठवलेला बॉटल मसाला मी एकदा हौसेने चोळला. बारा तासांत तो काळा पडला, कडवट झाला आणि धुराची चव झाकून बसला. आता जाडसर मिरी आणि मीठ, बस. बॉटल मसाला दुसऱ्या दिवशी उरलेल्या मांसाच्या रश्श्यात घालतो, तिथे तो राजा आहे.

ऑगर साफ केल्यावर हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची पट्टी आणून झाकणाला चिकटवली. प्रत्येक वेळी काम झालं की हॉपर रिकामा करतो आणि पेलेट घट्ट झाकणाच्या बादलीत ठेवतो. त्यानंतर दोन ब्रिस्केट झाल्या, ऑगर एकदाही अडला नाही. तापमान हा स्मोकर उत्तम राखतो, हे मान्य करायलाच हवं.

कोरड्या हवेत राहत असाल तर खुशाल घ्या. गल्फच्या किनाऱ्याजवळ राहत असाल तर दुकानात आधी हॉपरचं झाकण उघडा, कडेवर कागदाचा कपटा ठेवून ते बंद करा आणि कपटा ओढून पाहा. सहज निघून आला तर तो स्मोकर तिथेच राहू द्या.