3 मिमी प्लायची भुतावळ: उन्हाळा-पावसाळा काढल्यावर

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली तेव्हा हे झुलतं झुंबर घरात टांगलं, आता पितृपक्ष लागलाय. म्हणजे सोलापूरचा अख्खा उन्हाळा आणि वर पावसाळा या भुतांनी बघितला. बनवायचं कसं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. टांगल्यावर पुढं काय होतं ते कुणी सांगत नाही, म्हणून लिहितोय.

मंडळी आपलीच: मधोमध वेताळ, एका बाजूला उलट्या पायांची हडळ, दुसरीकडे शेंडीवाला मुंजा, एक घुबड आणि बाकी वटवाघळं. प्लाय 3 मिमीचा, आडव्या दांड्यांना आकाशकंदिलातून उरलेल्या बांबूच्या कामट्या. आजीनं पहिल्या दिवशी विचारलं, "भुतं काय घरात टांगायची असतात होय रे?" आणि मग चष्मा लावून हडळीचे पाय खरंच उलटे काढलेत का ते बघून गेली.

सगळं फ्रेटसॉनं, म्हणजे बारीक पात्याच्या हातकरवतीनं कापलं. लेझरवर काम झटपट होतं, पण कड जळते आणि काजळी बरेच दिवस हाताला लागत राहते. फ्रेटसॉचं पातं दात खाली करून लावायचं, म्हणजे ओढताना कापतं. वळणावर जोर लावला की पातं तुटलंच. तिथं जागच्या जागी वर-खाली करत प्लाय फिरवायचा. मागच्या बाजूला मास्किंग टेप लावली तर कड फुटत नाही. बोटं, शेपटी असले बारीक भाग वरच्या थराच्या रेषांच्या दिशेनं काढायचे, आडवे काढले तर मोडतात. प्लाय घेताना कड नीट बघा. मला दुकानातून मिळालेल्या तुकड्यात मधल्या थरात पोकळी होती, एका वटवाघळाचा पंख नेमका तिथंच गेला.

तोल खालून वर साधत यायचं. एवढ्या जाडीचा 10 सेंमी चौरस तुकडा साधारण 18 ग्रॅम भरतो, त्यावरून अंदाज येतो. कामटीच्या एका टोकाला 20 ग्रॅमचं घुबड, दुसऱ्याला 10 ग्रॅमचं वटवाघूळ असेल तर कामटी टांगायची गाठ घुबडाकडे सरकते, अंतरं 1 ला 2. ती कामटी आडवी राहिली की वरच्या कामटीसाठी ते सगळं मिळून एकच वजन. गाठी पक्क्या करायच्या त्या रंग वाळल्यावरच, कारण रंगानंही वजन वाढतं.

आता मुख्य गोष्ट, हवामान. एप्रिल-मेत आपल्याकडं पारा 40 च्या वर आणि हवा कोरडी ठाक. दोन्ही बाजूंनी रंगवलेली पात्रं अजून सरळ आहेत. मुंजाच्या पाठीला लाकूड दिसावं म्हणून रंग दिला नव्हता. उन्हाळ्यात उघडी बाजू आकसली आणि गडी छाती काढून उभा राहिला. पावसाळ्यात तीच बाजू दमट होऊन फुगली, तर आता पोक काढलंय. मला तो असाच आवडतो, पण सरळ हवं असेल तर दोन्हीकडून सारखे हात द्या, कडाही सोडू नका.

लाकडापेक्षा जास्त त्रास दोऱ्यानं दिला. तंगूस (नायलॉनचा पारदर्शक दोरा) दिसत नाही म्हणून भुतं अधांतरी वाटतात, पण रिळाचा पीळ त्यात कायम राहतो आणि साधी गाठ सुटते. दुहेरी गाठ मारून वर फेविक्विकचा थेंब टाकला की काम होतं. पंख्याखाली टांगण्याचा विचारसुद्धा नको; इथं उन्हाळ्यात पंखा दिवसरात्र चालू, सगळी भुतावळ एकमेकांच्या गळ्यात पडते. जिन्याच्या कोपऱ्यात, नुसत्या येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाऱ्यावर ते छान फिरतं. वरच्या हुकाला मासेमारीच्या गळाची छोटी फिरकी लावल्यापासून पीळ चढणंही थांबलं.

डोळ्यांना अंधारात चमकणारा रंग लावलाय. उजेड पिऊन घेतला तर थोडा वेळ झकास, मग फिका पडत जातो. घाबरवण्याचं खरं काम सावली करते. लाइट गेल्यावर खालून मोबाइलचा टॉर्च मारा, भिंतीवर वेताळ माणसाएवढा होतो. शेजारच्या पोरांना हाच खेळ आवडतो, डोळ्यांकडं कुणी बघत नाही.

धूळ मात्र दर आठवड्याला. ओलं फडकं नको, कोरडा ब्रश फिरवायचा. हडळीला मी वगळतो, तिला धूळ शोभते.