सेन्सॉरशिप घेऊ की प्रोपगंडा? फायनलच्या विषयाबद्दल, दोन्हीत हात घालून झाल्यावर

डिझाइन कॉलेजात जून-जुलै आला की ज्युनिअर पोरांचा प्रश्न ठरलेला, दादा फायनलच्या रिसर्चला विषय काय घेऊ, आणि हल्ली त्यात हे दोन हमखास असतात, ऑनलाइन सेन्सॉरशिप नाहीतर प्रोपगंडा. दोन्ही ऐकायला भारी वाटतात, दोन्हीचं सिनॉप्सिस एका रात्रीत लिहून होतं, खरी गंमत नंतर चालू होते. मी प्रोपगंडावर अडीच महिने घालवले, सिनॉप्सिस पास झालेलं, आणि मग सोडून सेन्सॉरशिपकडं गेलो. त्यामुळं हे वाचताना माझं पारडं कुठं झुकलंय ते कळेलच, पण म्हणून प्रोपगंडा वाईट विषय आहे असं अजिबात नाही, उलट डिझाइनवाल्याला पहिल्यांदा तोच घ्यावासा वाटणार.

कारण बघायला किती मिळतं. ब्रिटनमधलं १९१४ चं ते सैन्यभरतीचं, किचनरचं बोट रोखलेलं पोस्टर घ्या, तीच पोज १९१७ मध्ये अमेरिकेत अंकल सॅमनं उचलली, मग रशियात लिसिट्स्कीचं लाल पाचरीचं पोस्टर, रॉडचेन्कोचं १९२४ चं ओरडणाऱ्या बाईचं पोस्टर, आणि आपल्याकडं कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण, जो आपल्या आईवडिलांनी दवाखान्याच्या भिंतीवर बघितलाय. प्रिंटआउट काढून सॉफ्टबोर्डवर टाचलं की अर्धी ज्युरी, म्हणजे परीक्षक मंडळी, तिथंच खूश. थिअरीपण तयार आहे, १९३७ मध्ये अमेरिकेत प्रोपगंडा ॲनालिसिसची एक संस्था निघाली, तिनं सात युक्त्यांची यादी केली, नावं ठेवणे, गोड गोड शब्द, ट्रान्सफर म्हणजे दुसऱ्याचं वजन आपल्या गोष्टीला चिकटवणे, प्रसिद्ध माणसाची साक्ष, ‘मी तुमच्यातलाच’, सोयीचीच पानं दाखवणे आणि बँडवॅगन, म्हणजे ‘सगळे आलेत, तुम्हीपण या’. ही यादी खिशात घालून कोल्हापुरात राजारामपुरीतून मिरजकर तिकटीपर्यंत नुसतं चालत जावा. एका बड्डेच्या फ्लेक्सवर तीन-चार युक्त्या सापडतात. वरच्या कोपऱ्यात मोठ्या नेत्यांचे फोटो, ते ट्रान्सफर. मधे हात जोडलेला पांढरा शर्ट, ते ‘तुमच्यातलाच’. आणि खाली शुभेच्छुक म्हणून पासपोर्ट साइजची चाळीस मुंडकी, त्यातल्या निम्म्यांना आपला फोटो लागलाय हे माहीतपण नसतं, ते झालं बँडवॅगन. मी एका फ्लेक्सवाल्याकडं बसून बघितलंय, मुंडक्यांची ओळ त्याच्याकडं तयारच असते, नावं बदलायची फक्त.

ऑनलाइनला आलं की मात्र ढीग फार होतो. दिवसाला शंभर फॉरवर्ड गोळा व्हायला लागले, आणि गोळा करण्यासाठी बघावे लागतात, आणि बघितले की फोनला वाटतं ह्याला हेच आवडतं. माझं यूट्यूब तीन आठवड्यांत असं काय बिघडलं की घरात टीव्हीला फोन जोडायची लाज वाटायची. हे करणार असाल तर वेगळं अकाउंट काढा, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

सेन्सॉरशिपचं उलटं. तिथं बघायलाच काही नाही, विषयच ‘नसणं’ आहे. पहिल्या रिव्ह्यूला मी तीन स्क्रीनशॉट घेऊन गेलो आणि तिन्ही जवळजवळ पांढरे, सर म्हणाले हे काय, रेंज नव्हती काय तुला? आणि प्रश्न बरोबरच होता राव. साइट ब्लॉक आहे की नेट गंडलंय हे बघणाऱ्याला कळतच नाही. मग मी घरात होती नव्हती ती तीन कंपन्यांची सिमं गोळा केली, एकच साइट, एकच टेबल, एकच दुपार. एका सिमवर सरकारी आदेशानं बंद आहे अशी इंग्रजीत एक ओळ आली, दुसऱ्यावर गोल फिरत राहिलं आणि शेवटी टाइमआउट, तिसऱ्यावर साइट चक्क उघडली. बंदी एकच, पण राबवणार प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं, कोणी साइटच्या नावाचा पत्ताच चुकीचा सांगते, कोणी कनेक्शन मधेच तोडते, याद्यासुद्धा सगळ्यांच्या तंतोतंत जुळत नाहीत. खरं तर कायद्यानं बंद केलेल्या पानासाठी ४५१ हा एरर कोड २०१५ च्या डिसेंबरात मंजूर झालाय, म्हणजे निदान ‘सापडलं नाही’ असं खोटं तरी सांगू नये म्हणून, पण माझ्या तिन्ही सिमांवर तो एकदाही दिसला नाही.

आणि का बंद केली हे विचारायला गेलात तर भिंत. साइट ब्लॉक करायचा अधिकार सरकारला देणारं आयटी कायद्याचं कलम ६९अ, त्याखालचे २००९ चे नियम, त्यातला सोळावा नियम म्हणतो तक्रार आणि कारवाई गुप्त ठेवायची. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ६६अ, म्हणजे ऑनलाइन पोस्टवरून अटक व्हायची ते कलम, रद्द केलं म्हणून आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, त्याच निकालात ६९अ शाबूत राहिलं हे मला थर्ड इयरपर्यंत माहीत नव्हतं. नेट पूर्ण बंद करण्याच्या आदेशाचं निदान एवढं तरी आहे की २०२० च्या अनुराधा भसीन निकालात कोर्टानं सांगितलं, आदेश जाहीर करा.

नेट बंदचं तर कोल्हापूरकराला नव्यानं काय सांगायचं. जून २०२३ ला व्हॉट्सॲप स्टेटसवरून गावात दगडफेक झाली तेव्हा इथंपण नेट गेलं. मी फर्स्ट इयरला होतो, सबमिशन तोंडावर, प्रिंटवाला म्हणाला फाइल व्हॉट्सॲपला टाक, टाकू कुठं? पेनड्राइव्ह शोधण्यात अर्धा दिवस गेला, घरात एकच निघाला आणि त्यात काकाच्या लग्नाचे फोटो भरलेले. मिसळवाल्यानं स्कॅनर उलटा करून ठेवलेला, वहीत उधारी लिहून घेत होता, वहीसुद्धा नवीकोरी, त्याच दिवशी आणलेली. तेव्हा ह्याला रिसर्च म्हणतात हे डोक्यात नव्हतं, नाहीतर त्या वहीच्या पहिल्या पानाचा फोटो काढला असता.

म्हणजे मटेरियल, थिअरी, ज्युरीवर पडणारी छाप, सगळं प्रोपगंडाच्या बाजूनं आहे. तरी मी सोडला तो एका कारणानं, आणि ते कारण तुम्हाला किरकोळ वाटेल कदाचित.

ट्रान्सफरची युक्ती तपासायची म्हणून मी एकच वाक्य तीन कपड्यांत बसवलं. वाक्य होतं ‘शहरात तीन दिवस पाणीपुरवठा बंद राहील’. एक साधा टाइप केलेला मेसेज, एक चष्मेवाल्या वयस्कर माणसाच्या फोटोसकट, आणि एक सरकारी नोटिशीसारखा, जा.क्र. घालून, खाली तिरका गोल शिक्का. शिक्क्यात गोल फिरवून मी ‘कांदेपोहे कांदेपोहे कांदेपोहे’ लिहिलेलं. जावक क्रमांक म्हणजे माझी जन्मतारीख. आणि सगळ्यात खाली लाल पट्टीत ‘नमुना, फक्त अभ्यासासाठी’. भावंडांच्या ग्रुपवर टाकलं, कुठलं खरं वाटतंय सांगा म्हणून. आता चूक बघा. चित्र उभं होतं, आणि उभं चित्र व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये कापून दिसतं, माझी पट्टी खाली, म्हणजे पट्टीच गायब. कोणीतरी तेवढ्याचाच स्क्रीनशॉट काढून पुढं ढकलला. संध्याकाळी आत्तीचा फोन, तीन दिवस पाणी नाही म्हणं, मी पिंप, घागरी, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवलाय, तुमच्या आईला सांग. आत्ती दुसऱ्या मजल्यावर राहते आणि पाणी खालनं उचलून आणावं लागतं. कंबर धरून बसली दोन दिवस.

मी डिलीट फॉर एव्हरीवन केलं, पण ते आपल्या मेसेजपुरतं, पुढं गेलेली कॉपी थोडीच परत येते. नऊ दिवसांनी तेच चित्र आमच्या गल्लीच्या मंडळाच्या ग्रुपवर आलं, तारीख कोणीतरी खोडून नवी घातलेली. कांदेपोहे कोणीही वाचले नव्हते.

सर एकदम खूश. म्हणाले हेच तुझं फाइंडिंग, अजून दहा नमुने कर. तिथं माझं मन उडालं. कारण हा विषय नीट करायचा म्हणजे दाखवण्यासाठी बनवावं लागतं, आणि आपण चार वर्षं शिकलोय काय तर कर्निंग म्हणजे अक्षरांमधलं अंतर, हायरार्की, कॉन्ट्रास्ट, म्हणजे आपण बनवलेलं जास्तच खरं दिसणार. पट्टी वर घ्या, वॉटरमार्क आडवा टाका, हे उपाय आहेत, मी नाही म्हणत नाही, आणि कोणी जुन्या छापील पोस्टरांवरच थांबणार असेल तर हा त्रास येणारच नाही. तसं करायचं असेल तर बिनधास्त प्रोपगंडा घ्या. पण ऑनलाइन म्हटलं की क्रॉप आला, आणि क्रॉपपुढं आपलं काही चालत नाही असा माझा अनुभव.

पांढऱ्या पानाचं एक बरंय, ते कोणी फॉरवर्ड करत नाही. ज्युरीला मी ती तीन सिमं, तीन जुने फोन दोरीनं टेबलाला बांधून ठेवले आणि म्हटलं तुम्हीच उघडून बघा. मधल्या फोनवर गोल फिरत असताना एक्स्टर्नल बाई जवळजवळ मिनिटभर वाट बघत उभ्या होत्या, मग त्यांनी आपोआप फोन वर धरला, रेंज शोधायला. मला त्या मिनिटाचेच मार्क मिळाले असं मी समजतो. प्रोपगंडावाल्या मित्राला माझ्यापेक्षा चार मार्क जास्त पडले हेपण सांगतो, आणि त्याचा पोर्टफोलिओ एजन्सीत पटकन चालला, माझे पांढरे स्क्रीनशॉट बघून इंटरव्ह्यूवाल्यानं पान उलटलं.

सेन्सॉरशिप घेणार असाल तर ऊनी प्रोब म्हणून ॲप आहे, ब्लॉकिंग मोजतं, पण चालू करताना ते जी वॉर्निंग देतं ती वाचा, ते कुठल्याही साइट उघडून बघतं आणि निकाल सगळ्यांना दिसतील असे टाकतं. होस्टेलच्या वायफायवर नका करू, उगाच दुसऱ्याला ताप. रिचार्जचा खर्च धरा. आणि जुन्या काळात शिरायचं असेल तर आपल्याच गावात सुरुवात आहे, बाबूराव पेंटर आपल्या सिनेमांची पोस्टर्स स्वतः करायचे आणि १९२० मध्ये त्यांच्याच कीचकवधाच्या प्रसंगाला कात्री लागली, म्हणजे हे दोन्ही विषय एकाच माणसाच्या घरात. जमलं तर कोणीतरी करा, मला वेळ मिळाला नाही.

गेल्या महिन्यात पाइपलाइन फुटली आणि खरोखरची नोटीस फिरली. आत्तीनं ती मला पाठवली, खाली लिहिलेलं, ‘हे तू केलंयस काय रे? शिक्का झूम करून बघितला, वाचता येईना.’