शुभंकरांना सोसावा लागणारा कलंक मोजायचाय, पण कोणत्या प्रश्नावलीनं?

शुभंकर म्हणजे मानसिक आजार असलेल्या माणसाची, म्हणजे शुभार्थीची, काळजी घेणारे घरचे; आणि कलंक म्हणजे त्या आजारामुळे त्यांच्याही वाट्याला येणारा कमीपणा. प्रबंधाचे विषय ठरायला लागले की एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) आणि सायकिअ‍ॅट्रिक नर्सिंगची मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. बऱ्याच जणांनी झरिटची २२ प्रश्नांची यादी आधीच उतरवून घेतलेली असते. ती बाजूला ठेवा. तिच्यात मोजलं जातं ते काळजी घेण्याचं ओझं, आणि ओझं म्हणजे कलंक नव्हे. रात्र रात्र जागणारी, औषधांच्या खर्चानं पिचलेली आई शेजारणीला सगळं मोकळेपणानं सांगत असते. उलट आजार पूर्ण आटोक्यात असलेल्या घरातही मुलीसाठी स्थळं बघताना तिच्या भावाचा विषय शिताफीनं टाळला जातो.

खऱ्या अर्थानं कलंकासाठी बनवलेल्या तीन साधनांतून निवडायचं आहे.

पहिलं, अ‍ॅफिलिएट स्टिग्मा स्केल. विनी माक आणि रेबेका चेउंग यांनी हाँगकाँगमध्ये ते तयार केलं, २००८ साली प्रसिद्ध झालं. २२ विधानं, भावना, विचार आणि वर्तन असे तीन भाग. लोक काय म्हणतात यापेक्षा ते म्हणणं आत किती मुरलंय, हे त्यातून कळतं. कमीपणा वाटतो का, इतरांना सांगायची हिंमत होत नाही का, घरातल्या आजारी माणसासोबत बाहेर पडणं कमी केलंय का, अशी ही विधानं. उत्तराला चारच पर्याय, मधला नाही, त्यामुळे ‘तसं काही नाही’ म्हणून सुटता येत नाही. तीन भागांचे गुण वेगवेगळे मिळतात, हा मोठा फायदा: समुपदेशनानं लाज कमी झाली पण लपवाछपवी तशीच राहिली, हे दिसू शकतं. खोट अशी की सगळ्या विधानांचा रोख एकाच दिशेला, त्यामुळे हात एकदा ‘सहमत’वर बसला की पुढेही तिथेच पडत राहतो. शिवाय वर्तनाची विधानं आईला विचारली की ‘अहो, पोटचा पोर आहे माझा!’ असं उत्तर येतं, आणि ते उत्तर मनातलं आहे की जनरीतीचं, हे कागदावर उमटत नाही.

दुसरं, एल्मर स्ट्रुनिंग आणि सहकाऱ्यांचं २००१ सालचं डीव्हॅल्युएशन ऑफ कन्झ्युमर फॅमिलीज स्केल. फक्त सात विधानं, आणि रोख स्वतःवर नाही, ‘बहुतेक लोकां’वर. लोकांबद्दल बोलायचं म्हटल्यावर माणसं चटकन मोकळी होतात, शिवाय चहा निवायच्या आत काम होतं. खाचखळगा मात्र एक आहेच: काही विधानं उलट्या बाजूनं मांडलेली आहेत. त्यातलं एक मराठीत मोठ्यानं वाचून बघा. ‘बहुतेक लोक मुलांच्या मानसिक आजाराचा दोष आईवडिलांना देत नाहीत.’ समोरची बाई म्हणते, ‘नाही, देतात की!’ आता खूण कुठे करायची? तिच्या ‘नाही’चा अर्थ ‘असहमत’, पण घाईत विचारणारा ‘देत नाहीत’ला होकार समजून ‘सहमत’वर टिक करून मोकळा होतो. गोष्ट क्षुल्लक वाटते, पण सातच विधानं असल्यामुळे अशी एक चूकही महागात पडते.

तिसरं, फॅमिली इंटरव्ह्यू शेड्यूलमधला कलंकाचा भाग. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्किझोफ्रेनियाच्या (छिन्नमनस्कतेच्या) बहुराष्ट्रीय अभ्यासाबरोबर आलेलं हे साधन. १४ प्रश्न, मुलाखत घेऊनच भरायचे. शेजारी वेगळं वागवतील का, लपवावंसं वाटलं का, घरात सोयरीक करायला लोक कचरतील का. चेन्नईच्या स्कार्फ या स्किझोफ्रेनियावर काम करणाऱ्या संस्थेतल्या थारा आणि श्रीनिवासन यांनी हे वापरून २००० साली अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात लग्न, शेजाऱ्यांनी दूर करण्याची भीती आणि लपवण्याची गरज हेच मुद्दे वर आले. आपल्याकडच्या घरांना हे प्रश्न परके वाटत नाहीत, म्हणून गावपातळीवर मला हेच जास्त पटतं. पण घरात लग्नाचं कुणीच नसेल तर सोयरिकीच्या प्रश्नाचं काय, हे काम सुरू करण्याआधीच ठरवा. आणि काळजी, अपराधीपणा, लपवणं यांची एकच बेरीज करून मांडू नका, प्रश्नवार टक्के द्या.

का, ते सातारा, गोवा आणि तामिळनाडूत झालेल्या अभ्यासावरून कळेल. कोशोर्के आणि सहकाऱ्यांचा तो निबंध २०१७चा. स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या २८२ शुभंकरांपैकी सुमारे २१ टक्क्यांमध्ये कलंक जास्त आढळला, पण घरच्या आजाराबद्दल बाहेर सांगायला संकोच वाटणारे तब्बल ४५ टक्के होते. एकच आकडा दिला असता तर ही तफावत दिसलीच नसती. त्यांनी जोडीला सविस्तर मुलाखतीही घेतल्या, तेही उचलण्यासारखं.

म्हणून माझा कौल असा. गटातल्या भेटींनी किंवा समुपदेशनानं शुभंकरांत फरक पडला का, हे बघायचं असेल तर पहिलं. मूळ लेखकांची परवानगी घ्या, मराठी भाषांतर दुसऱ्या कुणाकडून उलट इंग्रजीत करून ताडून पाहा. संस्थेला कामाची दिशा ठरवायची असेल तर तिसरं, आणि शेवटी एक मोकळा प्रश्न. दुसरं मुख्य साधन म्हणून तोकडं आहे, जोडीला चांगलं. तिन्ही एकदम लावायचा मोह आवरा: ४३ प्रश्न होतात, आणि समोरच्याला परतीची एसटी गाठायची असते.

एक अडचण मात्र कौल फिरवू शकते. ओपीडीत शुभार्थी बहुधा शेजारच्याच खुर्चीत बसलेला असतो. त्याच्या देखत ‘यांच्यामुळे तुम्हाला कमीपणा वाटतो का?’ विचारायचं नाही. आधी वेगळी खोली मागा. नाहीच मिळाली, तर त्या दिवशी दुसऱ्या साधनातल्या सात विधानांवरच भागवा. त्यांत निदान त्याच्याकडे बोट दाखवून विचारलेलं काही नाही.