अक्कलदाढ काढल्यावर कॉम्बिफ्लाम: गोळी कामाची, पण घड्याळ लावून घ्या

बडोद्यात रावपुरा, दांडिया बाजार, कुठल्याही मेडिकलवर सहज मिळणारी ही पट्टी. एका गोळीत आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ आणि पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ. दाढेच्या दुखण्याला ही जोडी खरंच चांगली, कारण आयबुप्रोफेन सुजेवरही काम करतं आणि दोन्ही मिळून एकेकट्यापेक्षा जास्त आराम देतात.

तक्रार गोळीची नसते, वेळेची असते. बधिरपणा ३ ते ५ तास टिकतो, म्हणून लोक "दुखायला लागलं की घेऊ" म्हणून थांबतात. गोळी लागू पडायला अर्धा-पाऊण तास जातो, आणि त्याच सुमारास भूल उतरून ठणका सुरू झालेला असतो. मग तो आवरायला रात्र जाते.

समजा, ११ वाजता दाढ निघाली. गॉजचा बोळा पाऊण तासाने काढा. १ वाजता गार दहीभात दुसऱ्या बाजूने, गाल चावला जाणार नाही इतक्या सावकाश खा आणि लगेच पहिली गोळी घ्या. रिकाम्या पोटी नको. पाणी पेल्यानेच प्या. स्ट्रॉने ओढलं तर खड्ड्यातली रक्ताची गाठ सुटते.

पुढची गोळी ९ वाजता. इथेच या गोळीची उणीव कळते: आयबुप्रोफेनचा जोर साधारण ६ तासांत ओसरतो, आणि ३२५ पॅरासिटामॉल तर कमीच. डॉक्टरांना विचारून मध्ये, ५ वाजता, साधी पॅरासिटामॉल ५०० घेता येते. दिवसाला ३ कॉम्बिफ्लाम आणि ३ साध्या मिळून पॅरासिटामॉल २४७५ मिग्रॅ होतं, ४००० च्या मर्यादेत. मात्र सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजा. वर आणखी डायक्लोफेनॅक किंवा अॅस्पिरिन (आयबुप्रोफेनच्याच जातीची औषधं) अजिबात नको.

पोटात अल्सर, किडनीचा त्रास, रक्त पातळ करणारी औषधं, वेदनाशामक गोळ्यांनी वाढणारा दमा किंवा गरोदरपण असेल, तर ही पट्टी घेऊच नका. डॉक्टरांना आधीच सांगा.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, म्हणून पहिले दोन दिवस वेळ चुकवू नका. खिचडी-कढी कोमट चालेल, तिखट सेव-उसळ आठवडाभर राहू द्या. तिसऱ्या दिवसानंतर ठणका उलट वाढून कानापर्यंत गेला, तोंडाला घाण चव आली, तर तो ड्राय सॉकेट (खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून हाड उघडं पडणं) असू शकतो. तिथे जादा गोळी फारशी उपयोगी नाही. डॉक्टरांना खड्डा धुऊन त्यात औषध लावलेलं ड्रेसिंग भरावं लागतं.